फ्रेजल व्हर्ब : खानदेशातील अध्ययन

इंग्रजीत क्रियापदाला अप, ऑफ, आउट, डाउन असा छोटा शब्द जोडून जे नवे क्रियापद बनते, त्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. दोन्ही शब्द ओळखीचे असूनही जोडीचा अर्थ पुष्कळदा लागत नाही : 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये रूढ केली. ती त्यांना सुचवली होती ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मराठी माध्यमाच्या मुलाला 'पोस्टपोन' पाठ असतो, पण समोरचा 'पुट ऑफ' म्हणाला की तो अडतो. मराठीत 'वर', 'खाली' हे नामाला चिकटतात (टेबलावर, झाडाखाली). त्याच सवयीने तो 'गो ऑन' ऐकून 'वर जा' समजतो. खरा अर्थ 'चालू ठेव'.

याची किल्ली घरच्या अहिराणीतच आहे, आणि ती वर्गात क्वचितच वापरली जाते याची खंत वाटते. 'खाई टाक' म्हणणारी माय ताट फेकायला सांगत नसते, ताटातले संपवायला सांगते. तिथला 'टाक' काम पुरे करण्याचा अर्थ आणतो. 'ईट अप', 'यूज अप' यांतला 'अप' नेमके तेच करतो. एस.टी. 'बंद पडली' म्हटल्यावर ती कुठे पडली हे कोणी शोधत नाही. 'ब्रेक डाउन'मधला 'डाउन'ही तसाच. 'सोडून देणे' यात कोणी काही देत नाही, 'गिव्ह अप'मध्येही नाही. शंभर जोड्यांची यादी घोकण्याआधी अशी पाच वाक्ये मुलांकडूनच काढून घ्यावीत. अर्थात, 'अप' दिसला की 'टाक' असे समीकरण चालत नाही : 'शो अप' म्हणजे हजर होणे.

शब्दांचा क्रम मात्र सरावानेच येतो. रावेरकडे केळीचे घड वाहणारी पिकअप सगळ्यांच्या ओळखीची. तिचे नाव 'पिक अप', म्हणजे उचलून घेणे, यावरून आले. माणसाबद्दल बोलताना त्याचा अर्थ गाडीने घ्यायला जाणे असा होतो. मग सर्वनाम मध्ये बसते : 'आय विल पिक यू अप', मी तुला घ्यायला येतो. 'पिक अप यू' होत नाही. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही; तिथे 'हिम' शेवटीच येतो.