हंगामाचे पंधराजण: रग्बीतल्या एका यादीची पार्श्वभूमी

युरोपात मे संपून जून लागला की रग्बी युनियनचा क्लब हंगाम आवरत येतो. इंग्लंडची प्रीमियरशिप, फ्रान्सची टॉप 14, आयर्लंड-वेल्स-स्कॉटलंड-इटली-दक्षिण आफ्रिका अशा पाच देशांत पसरलेली युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप, सगळ्यांचे अंतिम सामने होतात आणि त्यांच्या मागेपुढे हंगामाचे सर्वोत्तम संघ जाहीर होतात. पंधरा नावं, पाठीवरच्या 1 ते 15 नंबरांप्रमाणे लावलेली. यादी आली की वाद पेटतो तो बहुतेक वेळा चाली रचणाऱ्या 10 नंबरच्या फ्लाय-हाफवरून, नाहीतर कडेने पळणाऱ्या 11 आणि 14 नंबरच्या विंगरवरून. मी यादी वरून वाचायला घेतो. 1, 2, 3. डावीकडचा प्रॉप, हुकर, उजवीकडचा प्रॉप. ही तीन नावं वाचली की निवडणाऱ्यांनी हंगामभर सामने पाहिले की नुसते ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) पाहिले, ते कळतं.

स्क्रम म्हणजे थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायची एक रीत. त्यात दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी एकमेकांत डोकी घालून रेटतात. एका बाजूच्या आठांचं वजन मिळून साधारण नऊशे किलो भरतं. सगळ्यांत पुढे तिघांची फळी, दोन प्रॉप आणि त्यांच्या मधे हुकर. 1 नंबरच्या प्रॉपच्या डोक्याची एक बाजू मोकळी राहते, म्हणून तो लूजहेड. 3 नंबरच्या प्रॉपचं डोकं समोरचा लूजहेड आणि समोरचा हुकर यांच्या मधे अडकतं, दोन्ही खांद्यांवर भार येतो, म्हणून तो टाइटहेड. पंच 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो, धडक बसते, आणि पुढचे काही क्षण टीव्हीवर फक्त पाठी दिसतात. कंबर किती खाली गेली, पाय किती मागे रोवले, समोरच्याची जर्सी नेमकी कुठे पकडली, यावर पेनल्टी कुणाला मिळणार ते ठरतं. त्या पेनल्टीचे तीन गुण किक मारणाऱ्याच्या नावावर लागतात. प्रॉपच्या नावावर काहीच लागत नाही.

वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा जागतिक पुरस्कार 2001 मध्ये सुरू झाला. पहिला मानकरी आयर्लंडचा हुकर कीथ वुड. तेव्हापासून 2024 पर्यंत, 2020 चं साल सोडून, तो 23 वेळा दिला गेला. आठ वेळा स्क्रमच्या कडेला असणाऱ्या फ्लँकरला, सात वेळा फ्लाय-हाफला. न्यूझीलंडचा फ्लँकर रिची मकॉ आणि फ्लाय-हाफ डॅन कार्टर यांनी प्रत्येकी तीनदा नेला. पहिल्या फळीला मागून रेटणाऱ्या लॉकला एकदा मिळाला, न्यूझीलंडच्या ब्रॉडी रेटालिकला, 2014 मध्ये. प्रॉपला एकदाही नाही. मैदानावरच्या पंधरांतले दोघे प्रॉप असतात आणि तेवीस पुरस्कारांत त्यांचा भोपळा. म्हणून पंधराच्या यादीचं मला अगत्य आहे. तिथे 1 आणि 3 नंबरची जागा रिकामी ठेवता येत नाही. दोन प्रॉप निवडावेच लागतात, आणि निवडायचे तर आधी त्यांच्याकडे बघावं लागतं.

ही यादी वाटते तितकी जुनी नाही. त्याचं कारण 29 ऑगस्ट 1895 च्या संध्याकाळपर्यंत मागे जातं. त्या दिवशी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांची बैठक झाली आणि ते रग्बी फुटबॉल युनियनमधून बाहेर पडले. भांडण पैशावरून होतं. उत्तरेचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामन्याला गेलं की रोज बुडायचा. तो बुडालेला रोज भरून द्या, एवढंच त्या क्लबांचं म्हणणं होतं. युनियन ऐकली नाही. फुटलेल्यांचा खेळ पुढे तेराजणांचा झाला आणि रग्बी लीग म्हणून वाढला. मागे राहिलेल्यांनी हौशीपणाचं सोवळं शंभर वर्षं पाळलं.

त्या सोवळ्यात लीगही बसत नव्हती. गुणतक्ता आला की चुरस येईल, चुरशीमागून पैसा येईल, अशी इंग्लंडच्या युनियनची भीती. त्यामुळे तिथले क्लब पिढ्यानपिढ्या एकमेकांशी मैत्रीचे सामने खेळत राहिले. कोणी कोणाशी खेळायचं हे जुन्या घरोब्यावर ठरायचं. एक क्लब तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजतोय, दुसरा हलक्यांना लोळवतोय, दोघांचे खेळाडू एका तराजूत तोलायचे कसे? हंगाम होता, पण सगळ्यांचा मिळून एक हंगाम नव्हता. फ्रान्सचं तसं नव्हतं. तिथे अजिंक्यपदाचा पहिला अंतिम सामना 1892 मध्येच झाला, रेसिंग क्लबने स्टाद फ्रान्सेला 4-3 असं हरवलं आणि पंच होता पिएर द कुबेर्तिन, ज्याने पुढे ऑलिंपिकचं पुनरुज्जीवन केलं.

संघ निवडायची हौस मात्र इंग्रजांनाही दांडगी होती. देशाच्या संघासाठी चाचणी सामने व्हायचे, एका बाजूला संभाव्य, दुसऱ्या बाजूला त्यांची जागा हिसकावू पाहणारे. 1890 मध्ये विल्यम पर्सी कार्पमेलने बार्बेरियन्स काढला. त्या क्लबला ना स्वतःचं मैदान, ना इमारत. निमंत्रण आलं की खेळाडू जमतात, काळी-पांढरी पट्ट्यांची जर्सी चढवतात आणि पायांत मोजे ज्याच्या त्याच्या क्लबचे. वेगवेगळ्या घरची माणसं एका संघात उभी करायची ही कल्पना आजच्या हंगामी संघाच्या फार जवळची आहे. फरक इतकाच की बार्बेरियन्स खरोखर मैदानात उतरतात. 27 जानेवारी 1973 ला कार्डिफ आर्म्स पार्कवर त्यांनी न्यूझीलंडला 23-11 हरवलं. त्या सामन्यातला गॅरेथ एडवर्ड्सचा ट्राय रग्बी पाहणारे अजून काढून काढून बघतात. फिल बेनेटच्या गिरक्यांनी सुरू झालेली ती चाल ज्या हातांतून गेली त्यात जॉन पुलिनचे हात होते. पुलिन हुकर होता. पहिल्या फळीतला माणूस त्या चालीत आहे, हे सांगायचं राहून जातं म्हणून इथे सांगतो.

दुसरी परंपरा ब्रिटिश अँड आयरिश लायन्सची. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांतले निवडक खेळाडू दूरच्या दौऱ्यावर जातात. पहिला दौरा 1888 चा. माझ्या मते निवडीची खरी कसोटी लागली ती 1997 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात. खेळ व्यावसायिक झाल्यानंतरचा हा लायन्सचा पहिला दौरा. समोर जगज्जेते, त्यांच्या पहिल्या फळीत ऑस डू रांट नावाचा पहाड. लायन्सकडे नावाजलेले, अंगापिंडाने भरलेले इंग्लिश प्रॉप होते. प्रशिक्षक इयन मॅकगीखन आणि जिम टेल्फर यांनी कसोटी सामन्यांसाठी निवडले स्कॉटलंडचा टॉम स्मिथ आणि आयर्लंडचा पॉल वॉलेस, मधे कीथ वुड. स्मिथच्या नावावर तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आंतरराष्ट्रीय सामने होते, आणि दोघेही प्रॉपच्या मानाने लहानखुरे. सुरुवातीच्या स्क्रममध्ये त्यांची पीछेहाट झाली, पण ते बुटके असल्याचा फायदा घेऊन इतके खाली बसायला लागले की वरून दाबणाऱ्यांना टेकूच मिळेना. केपटाऊनला 25-16, डर्बनला 18-15, मालिका लायन्सची. डर्बनचा सामना जेरेमी गस्कॉटच्या ड्रॉप गोलसाठी (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या किकसाठी) ओळखला जातो. तो गोल सुंदरच होता. पण तोवर सामना हातात ठेवला होता तो पुढच्या आठांनी.

लीग अखेर आलीच. इंग्लंडमध्ये 1987 मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात लेस्टर अव्वल ठरलं. या क्लबची एक रीत होती. कित्येक दशकं लेस्टरच्या जर्सीवर आकड्यांऐवजी अक्षरं असायची. लूजहेड ए, हुकर बी, टाइटहेड सी. नव्वदच्या दशकात ग्रॅहम राउंट्री, रिचर्ड कॉकरिल आणि डॅरन गारफर्थ हे तिघे वर्षानुवर्षं एकत्र खेळले आणि लोक त्यांना 'एबीसी क्लब' म्हणायला लागले. गारफर्थचा मूळ धंदा परांच्या बांधण्याचा. चार पायऱ्या चढून लोखंडी नळ्या खांद्यावर घेणारा माणूस शनिवारी तेच खांदे स्क्रमला लावायचा. पहिल्या फळीला सामूहिक टोपणनाव मिळावं आणि प्रेक्षकांनी ते लाडाने घ्यावं, असं रग्बीत क्वचितच घडलं आहे. त्यामागे पाठीवरची ती तीन अक्षरं होती, यात मला शंका नाही.

26 ऑगस्ट 1995 ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळ सर्वांसाठी खुला केला, म्हणजे खेळाडूंना पैसे द्यायला मोकळीक दिली. हडर्सफील्डच्या बैठकीची शंभरी भरायला तीन दिवस बाकी होते. त्याच हंगामात युरोपियन क्लबांची हाइनेकेन कप स्पर्धा सुरू झाली, 1996 मध्ये दक्षिण गोलार्धात बारा संघांची सुपर 12 आली, 2001 मध्ये वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंडची केल्टिक लीग. आता तराजू मिळाला. सगळे तेच सामने खेळतात, सगळे टीव्हीवर दिसतात, हंगामाला आरंभ आहे आणि शेवट आहे. पगार, करार, प्रायोजक, पुरस्कारांची संध्याकाळ, हे सगळं ओघाने आलं आणि त्याबरोबर हंगामाचा संघही आला. केल्टिक लीगमध्ये पत्रकार आणि समालोचक मिळून ड्रीम टीम निवडायला लागले. तीच लीग पुढे इटलीचे संघ घेत, दक्षिण आफ्रिकेचे संघ घेत 2021 मध्ये युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप झाली.

निवडतो कोण, यावर यादी किती बदलते! पत्रकार आठवणीतल्या क्षणांवर मत देतात. प्रेक्षक आपल्या क्लबला देतात, आणि त्यात वावगं काही नाही. खेळाडू मत देतात तेव्हा पहिल्या फळीची नावं जास्त विचाराने येतात असं मला वाटतं, कारण ज्याची मान त्या प्रॉपने मुरगळली आहे तोच मत देत असतो. अलीकडे ऑप्टासारख्या कंपन्यांचे आकडे हाताशी असतात: टॅकल किती, चेंडू घेऊन किती मीटर, चेंडू किती वेळा हिसकावला. स्क्रममध्ये मिळवलेल्या पेनल्टीही मोजल्या जातात, पण त्या संघाच्या नावावर. लूजहेडने मिळवली की टाइटहेडने, की मागून रेटणाऱ्या लॉकने, हे सांगायला डोळेच लागतात. क्रिकेटमध्ये आयसीसी 2004 पासून वर्षाचा कसोटी संघ जाहीर करते. तिथे निदान धावा आणि बळी समोर मांडून भांडता येतं. टाइटहेडच्या बाजूने भांडायला काय मांडणार?

दुसरी अडचण गैरहजेरीची. टॉप 14 मध्ये साखळीच्या 26 फेऱ्या होतात, युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये 18. नोव्हेंबरचे आंतरराष्ट्रीय सामने आणि फेब्रुवारी-मार्चमधली सहा युरोपीय देशांची सिक्स नेशन्स स्पर्धा यांमुळे चांगल्यातला चांगला खेळाडू यांतल्या बऱ्याच फेऱ्यांना क्लबमध्ये नसतोच. मग क्लबच्या हंगामाचा संघ कुणाचा? झगझगीत सात सामने खेळलेल्या राष्ट्रीय खेळाडूचा, की पावसाळी जानेवारीत आठवड्यामागून आठवडे उतरणाऱ्या क्लबच्या गड्याचा? मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. देशासाठी खेळणाऱ्याला मान द्यायला इतर जागा आहेत.

त्यातली एक जागा 2021 मध्ये तयार झाली. वर्ल्ड रग्बीने त्या वर्षी पुरस्कारांत पुरुषांचा आणि महिलांचा वर्षाचा ड्रीम टीम आणला. पुरुषांच्या पहिल्याच यादीवरून दक्षिण आफ्रिकेत गदारोळ झाला. त्यांनी त्या वर्षी लायन्सना 2-1 हरवलं होतं आणि यादीत त्यांचे चारच: माल्कम मार्क्स, एबेन एट्झेबेथ, माकाझोले मापिंपी, लुखान्यो आम. त्यांचा विंगर चेस्लिन कोल्बी कुठे आहे, हा प्रश्न सगळीकडून आला. त्या गलक्यात 1 नंबरला वेल्सचा विन जोन्स आणि 3 नंबरला आयर्लंडचा टाइग फर्लाँग आहेत याची चर्चा फारशी कुणी केली नाही.

आणि आता पंधरा हा आकडाच अपुरा पडू लागला आहे. 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला. उरलेला जवळपास सगळा सामना डॅन कोलला ओढावा लागला. समोर आधी दक्षिण आफ्रिकेचा टेंडाई म्टावारिरा, ज्याला सगळे 'बीस्ट' म्हणत. तो दमायच्या आत त्याच्या जागी ताज्या दमाचा स्टीवन किट्सहॉफ. स्क्रममागून स्क्रम इंग्लंड मागे रेटलं गेलं. निकाल 32-12, त्यात किक मारणाऱ्या हँड्रे पोलार्डचे 22. धावफलकावर पोलार्ड दिसतो. त्याच्या काही किक कुठून आल्या, ते कोलच्या मानेला विचारावं.

2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेने राखीव आठांत सात फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे) आणि एकच बॅक (मागे पळणारा) ठेवून न्यूझीलंडविरुद्धचा विश्वचषकाचा अंतिम सामना 12-11 असा जिंकला. आज बहुतेक प्रॉप पन्नास-साठ मिनिटं झिजून बाहेर पडतात आणि शेवटची वीस-तीस मिनिटं दुसरी जोडी खेळते. म्हणून हंगामाचा संघ तेवीसांचा असावा, असं माझं ठाम मत आहे. राखीव खेळाडूंचे नंबर 16 ला सुरू होतात, आणि त्यांतले 16, 17, 18 रीतीप्रमाणे पहिल्या फळीचे असतात: हुकर, लूजहेड, टाइटहेड. म्हणजे तेवीस नावांत चार प्रॉप लिहावे लागतील.