प्रेस्तुर

आइसलँडिक आणि फॅरोईज (उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांची भाषा) या दोन्ही भाषांत चर्चच्या पाद्र्याला 'प्रेस्तुर' म्हणतात, स्पेलिंगही सेम टू सेम. फरक दिसतो तो 'तो पाद्री' असं ठरावीक माणसाबद्दल बोलायचं झालं की, कारण तिकडे 'तो' शब्दाच्या शेपटीला चिकटतो, आइसलँडमध्ये 'प्रेस्तुरिन्न' दोन न घालून लिहितात आणि फॅरो बेटांवर एकाच न वर भागतं. शेवटचा 'उर' पण फक्त कर्त्याचा, विभक्ती लागली की गळून पडतो, म्हणजे प्रेस्त, प्रेस्ती, प्रेस्त्स. आपण घोडाचा घोड्याला करतो ना, तसलंच काहीतरी.

मूळ शब्द ग्रीक 'प्रेस्बुतेरोस', अर्थ वयाने मोठा, वडीलधारा. तो लॅटिनमधून फिरत फिरत जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या दोन्ही भाषांच्या आईत, 'प्रेस्त्र' होऊन पोचला. प्रेस्बिटेरियन चर्च हे नावपण त्याच घरातलं. त्याआधी, म्हणजे इ.स. 1000 च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म घेतला त्याच्या आधी, पूजाअर्चा आणि गावची पुढारकी दोन्ही 'गोदी' लोकांकडे असायची.

आता गंमत अशी की प्रेस्तुर हा पेशा झाला, नावाआधी मात्र 'स्येरा' लावतात, तेही पहिल्याच नावाला, कारण आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, बापाचं नाव असतं. यावरून तिकडे म्हण आहे, योन आणि स्येरा योन एकच नव्हेत, म्हणजे साध्या माणसाला एक न्याय आणि मोठ्याला दुसरा! सगळ्यात फेमस स्येरा म्हणजे योन स्तेइनग्रीम्सोन. 1783 मध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला, लाव्हा वस्तीकडे सरकत होता आणि 20 जुलैला यांनी चर्चमध्ये प्रार्थना चालूच ठेवली, लाव्हा चर्चच्या अलीकडेच थांबला, तेव्हापासून ते 'आगीचे पाद्री'.

फॅरो बेटांवर चर्चची भाषा खूप काळ डॅनिश होती. पण फॅरोईज लिहायची आजची पद्धत 1846 मध्ये बसवली ती हामर्सहाइम्ब यांनी, आणि ते स्वतः प्रेस्तुरच.

1974 मध्ये आइसलँडमध्ये आउदुर एइर विल्यालम्सदोत्तिर या पहिल्या महिला पाद्री झाल्या. शब्द मात्र पुल्लिंगीच राहिला, बाईंनापण प्रेस्तुरच म्हणतात. याच्या वरचा हुद्दा 'प्रोफास्तुर', आणि आइसलँडमध्ये हे पफिन पक्ष्याचंही लाडाचं नाव आहे, काळा कोट पांढरी छाती घालून कड्यावर गंभीर चेहऱ्याने उभा असतो म्हणून.