श्वेतपेशी आणि कर्करोगावरील उपचारांचा प्रतिसाद

कर्करोगावरील औषध किती लागू पडेल, हे रुग्णाच्या गाठीत कोणत्या श्वेतपेशी आहेत आणि त्या काय करत आहेत यावरही ठरते. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० श्वेतपेशी असतात. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉपासून (गोवा मेडिकल कॉलेज) खासगी इस्पितळांपर्यंत केमोच्या प्रत्येक फेरीआधी ‘काउंट’ पाहतात, तो मुख्यतः न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या श्वेतपेशींसाठी. केमोनंतर ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी होतात. ५००च्या खाली गेल्यावर साधा संसर्गही जिवावर बेततो. अशा दिवसांत ताप आला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. घरची माणसे मात्र काउंट वाढला की औषध लागू पडले असे समजतात. तो आकडा पुढचा डोस शरीराला झेपेल का, एवढेच सांगतो.

गाठीवर खरा हल्ला करतात त्या सीडी-८ टी पेशी, हाही श्वेतपेशींचाच एक प्रकार. त्यांच्यातील पर्फोरिन हे प्रथिन कर्कपेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते, ग्रँझाइम ही प्रथिने त्यातून आत जाऊन तिचा नाश घडवते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात टी पेशी गाठीत किती आणि नेमक्या कुठे आहेत यावरून रोग पुन्हा उद्भवण्याचा अंदाज बांधता येतो, हे २००६ मध्ये दिसून आले. सगळ्याच श्वेतपेशी रुग्णाच्या बाजूने नसतात. नियामक टी पेशी हल्ला आवरतात, गाठीतील अनेक मॅक्रोफेज (एरवी जंतू गिळणाऱ्या श्वेतपेशी) तिला रक्तवाहिन्या मिळवून देतात. रक्तात लिंफोसाइटच्या (टी पेशी ज्या गटात येतात त्या श्वेतपेशींच्या) तुलनेत न्यूट्रोफिल फार वाढलेले असले, तर बहुतेक कर्करोगांत पुढची वाटचाल बिकट असते.

टी पेशींवरील पीडी-१ हा रोधक गाठ स्वतःच्या बचावासाठी वापरते. तो उठवणारी औषधे ज्या शोधांतून आली, त्यांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. ही औषधे महाग आहेत, म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयातील चाचणी आपल्याकडे मोलाची ठरते. डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या औषधांना निवोलुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाचा केवळ २० मिलिग्रॅमचा डोस दर ३ आठवड्यांनी जोडला, तेव्हा वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. प्रचलित डोस याच्या दहापटीहून अधिक असतो.

स्तनाच्या हर-२ पॉझिटिव्ह कर्करोगात, म्हणजे कर्कपेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त असते त्यात, नॅचरल किलर या श्वेतपेशींचा वाटा मोठा. ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध कर्कपेशीवरील हर-२ला चिकटते, वाढीचा संदेश अडवते. त्याच्या मोकळ्या टोकाला किलर पेशी बिलगते आणि कर्कपेशीला मारते. गोवा सरकार ट्रॅस्टुझुमॅब आणि हर-२लाच चिकटणारे पर्टुझुमॅब यांचे महाग इंजेक्शन अशा रुग्णांना मोफत देते, आणि ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहिमेत स्तनांची तपासणीही होते. गाठ लवकर सापडली की शस्त्रक्रियेआधीच हे औषध देता येते. काढलेल्या गाठीत कर्कपेशी उरल्या आहेत का, हे मग सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते.