निळा ठिपका घाटात अडकतो तेव्हा

टॅब घेतला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दुकानातून. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून फोनवरचा नकाशा मला मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो, आणि मुलाकडे म्युनिकला जायचं ठरलं होतं. "यात जीपीएस आहे ना?" मी विचारलं. काउंटरवरच्या पोरानं नकाशा उघडून दाखवला. निळा ठिपका बरोबर त्यांच्याच दुकानावर. "बघा की काका, असतंय सगळ्यात!" घरी आलो तर ठिपका घरावर. आणखी पुरावा काय पाहिजे?

दोन महिन्यांनी आम्ही ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्यावर होतो. १९३५ साली खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा घाटरस्ता, त्यात ३६ आवळलेली वळणं. आपल्या करूळ घाटाचा थोरला भाऊ म्हणा, फक्त माथ्यावर बर्फ. गाडी मुलगा चालवत होता, वाट सांगायचं काम माझं. मांडीवर टॅब, फोनचा हॉटस्पॉट चालू, रोमिंगचा पॅक मारलेला. आम्ही घाट चढू लागलो, पण ठिपका अजून खाली त्सेल आम झे गावात, जिथं थांबून कॉफी घेतली त्याच चौकात. "बाबा, तुमची कॉफी संपली नाही वाटतं अजून," मुलगा म्हणाला.

इंटरनेट सुरू होतं. नकाशा सरकवला की पुढची गावं उमटत होती. टॅबला फक्त आपण कुठं आहोत एवढंच कळत नव्हतं.

इथं बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली. आपण कुठं आहोत हे कळणं आणि भोवती कुठले रस्ते आहेत हे दिसणं, ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्याला मोबाइल डेटा लागतच नाही. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसेक जीपीएस उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले, मी इथं आहे. फोन-टॅबमधली जीपीएसची चिप ते ऐकते, उलट काही पाठवत नाही. सांगली आकाशवाणी लावताना रेडिओ कुठं स्टेशनला फोन करतो? तसंच हे. म्हणून जीपीएसचं बिल येत नाही, ना कोल्हापुरात ना ऑस्ट्रियात.

उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला लहरींना सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की अंतर मिळतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी, पण चौथा लागतोच. कारण उपग्रहात अणुघड्याळ आहे आणि आपल्या टॅबमध्ये स्वस्तातलं. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटर. ही चूक किती, ते चौथ्या उपग्रहामुळं गणितातून काढता येतं. वर आइन्स्टाइन आहेतच: कमी गुरुत्वाकर्षण आणि जास्त वेग या दोन्हींचा हिशोब केला, तर उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतं. ते सावरलं नसतं तर चूक रोज अकराएक किलोमीटरनं वाढली असती. दोन दिवसांत रंकाळ्यावरचा माणूस पन्हाळ्याच्या पलीकडं दिसला असता.

मग राजारामपुरीत ठिपका कसा जागेवर होता? ही सगळी करामत वायफायची. प्रत्येक राउटर आपली ओळख सांगणारा संकेत आसपास सोडत असतो, आपण त्याला जोडलेले नसलो तरी. लाखो फोनांनी येता-जाता टिपलेल्या माहितीवरून कुठला राउटर कुठं आहे याच्या प्रचंड याद्या मोठ्या कंपन्यांनी करून ठेवल्यात. माझ्या टॅबनं शेजारपाजारच्या राउटरांची नावं टिपली, इंटरनेटवरून यादीला विचारलं आणि दुकानावर ठिपका ठेवला. चिपचा संबंधच नव्हता, कारण चिप नव्हतीच. आयपॅडचंच घ्या: सिम चालणाऱ्या मॉडेलमध्ये जीपीएस असतं, फक्त वायफायवाल्यात नसतं. अँड्रॉइड टॅबमध्ये सिमची जागा नसूनही चिप असू शकते, तेव्हा मॉडेलची माहिती नीट वाचावी. आल्प्सच्या उतारावर गाईंच्या गळ्यात घंटा होत्या, राउटर नव्हते. आमच्याबरोबर पळणारा हॉटस्पॉट इंटरनेट देत होता, पत्ता नाही. शेवटी माझ्या खिशातल्या फोनला सगळं ठाऊक होतं आणि मांडीवरच्या टॅबला काहीच नाही, असा मामला.

चिप असली तरी परक्या देशात उतरल्या उतरल्या ठिपका लगेच येत नाही, त्यालाही कारण आहे. उपग्रह आपली माहिती सेकंदाला जेमतेम ५० बिट अशा गोगलगायीच्या चालीनं पाठवतात. एका उपग्रहाची अचूक कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितली जाते, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पुरं व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. इंटरनेट असेल तर फोन हे पंचांग तिथून काही सेकंदांत ओढतो. नसेल तर उघड्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं गप्प उभं राहायचं. उघड्या आभाळाखालीच. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं महाद्वारातून आत यावी लागतात आणि वाटेत एखादी इमारत आली की ती गाभाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. उपग्रहांच्या लहरींचं तसंच. शिवाय त्या भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात, अंतर वाढलेलं दिसतं आणि जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. ‘नाविक’ या आपल्या भारतीय दिशादर्शक उपग्रहांवर तिकडं विसंबू नये. ती यंत्रणा भारत आणि भोवतालच्या साधारण १,५०० किलोमीटरसाठी आहे. युरोपात जीपीएसच्या जोडीला त्यांचे स्वतःचे गॅलिलिओ उपग्रह असतात.

आता दुसरं काम, नकाशा. डेटा लागतो तो इथं, आणि तोही घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. रस्ते म्हणजे बिंदू आणि रेषा. त्यांतून जवळची वाट शोधायची रीत डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानं १९५९ साली छापली, आणि आजचा साधा टॅब असं गणित इंटरनेटशिवाय करतो. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात गाडीचा रस्ता मिळतो, पण वाहतुकीची कोंडी कळत नाही आणि चालायची वाट वा बस-रेल्वे मिळत नाही. पायी भटकायचं तर लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप बरी. मला तर तीच जास्त आवडली, पायवाटासुद्धा असतात त्यांत.

रोमिंगवर नकाशा अडखळत उमटतो तेव्हा कंपनीला शिव्या घालण्याआधी एक लक्षात घ्या. भारतीय सिमचा डेटा बहुधा तिथून भारतात येतो, इथून इंटरनेटवर जातो आणि त्याच वाटेनं परततो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो खरा, पण हजारो किलोमीटरचा हेलपाटा प्रत्येक विनंतीला. स्थानिक सिम किंवा ई-सिम घेतलं तरी देशांची यादी वाचा. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्यात जादा आकाराशिवाय चालतं, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. सीमेजवळ तर फोन अलीकडूनच पलीकडचा टॉवर पकडतो.

परत आल्यावर त्याच दुकानात गेलो. भांडायला नव्हे. त्या पोराला म्हटलं, फ्लाइट मोड लाव, वायफाय बंद कर आणि हा टॅब घेऊन जनता बझार चौकापर्यंत जाऊन ये. मालकाकडं एक नजर टाकून तो गेला. दहा मिनिटांनी घाम पुसत परतला आणि टॅब माझ्यासमोर धरला. ठिपका दुकानातून हललाच नव्हता.