१ ऑगस्टची वाट

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, फ्लॅम्बरो आणि बेम्प्टन या गावांलगत, खडूचे पांढरे कडे सरळ समुद्रात उतरतात. वसंतात त्यांच्या कपारींवर समुद्रपक्ष्यांची वीण सुरू होते आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. १८४०च्या दशकात जवळच्या ब्रिडलिंग्टनला रेल्वे आली, तिच्यासोबत शहरातले हौशी बंदूकवालेही आले. होडी भाड्याने घ्यायची, कड्याखाली न्यायची आणि वर बार काढायचे. एवढ्या गर्दीत नेम चांगला असायचीही गरज नव्हती. पुढे बायकांच्या टोप्यांवर पांढरे पंख खोवायची फॅशन आली, तेव्हा किटीवेक या नाजूक कुरवाच्या पंखांना बाजारभावच मिळाला.

पक्षी इतके होते, की ते संपतील असं कुणाला वाटत नव्हतं. केंब्रिजचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन याला मात्र वाटत होतं. १८५८ साली तो जॉन वूली या मित्राबरोबर ग्रेट ऑक हा उडता न येणारा पक्षी शोधायला आइसलँडला गेला होता. दोन महिने थांबूनही खवळलेल्या समुद्रामुळे त्यांना एल्डे बेटावर उतरताच आलं नाही. हाती आल्या त्या फक्त १८४४ साली तिथे शेवटची जोडी मारणाऱ्यांच्या आठवणी.

न्यूटनची काळजी समजायला गिलेमॉट या कड्यांवरच्या समुद्रपक्ष्याचं उदाहरण घेऊ. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या दगडावर वर्षाला एकच पिल्लू वाढवतो आणि वीण सुरू करायलाच त्याला पाचेक वर्षं लागतात. पक्षी दीर्घायुषी असल्यामुळे एरवी हा हिशेब जमतो. पण विणीच्या काळात मोठा पक्षी मारला, की कपारीवरचं पिल्लूही उपाशी मरतं आणि ती जागा भरून यायला वर्षं लागतात. १८६८ साली नॉर्विचला ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या सभेत न्यूटनने हाच मुद्दा मांडला: निदान विणीच्या हंगामात तरी बंदी हवी. आपल्याकडची पावसाळी मासेमारी बंदी याच तत्त्वावर चालते.

त्याच सुमारास ब्रिडलिंग्टनचे पाद्री हेन्री बार्न्स यांनी समुद्रपक्षी रक्षणासाठी संघटना उभारली, तर खासदार ख्रिस्तोफर साइक्स यांनी पार्लमेंटमध्ये विधेयक मांडलं. नुसत्या दयेवर कायदा होत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी खलाशांची बाजू पुढे केली: धुक्यात कडा दिसत नाही, पण पक्ष्यांचा कलकलाट ऐकून जहाज वेळीच वळवता येतं. या पक्ष्यांना ‘फ्लॅम्बरोचे पायलट’, म्हणजे जहाजांचे वाटाडे, म्हणतच असत.

जून १८६९ मध्ये कायदा झाला. पक्ष्यामागे एक पौंडापर्यंत दंड. त्यातली पक्ष्यांची यादी मला फार आवडते. गिलेमॉट आहेच, शिवाय विलॉकही आहे. पफिन आहे, ‘सागरी पोपट’ही आहे आणि कूल्टरनेबही! पक्षी तेच, फक्त गावोगावची नावं वेगळी. ‘साहेब, हा पफिन नव्हे, कूल्टरनेब आहे’ अशी पळवाट कुणाला राहू नये, याची ही सोय. अंड्यांना मात्र या कायद्यात संरक्षण नव्हतं. (न्यूटन स्वतः अंड्यांचा मोठा संग्राहक होता, हेही जाता जाता.) बेम्प्टनचे लोक दोरावर लोंबकळत कड्यावरून अंडी काढत, ते थेट १९५४ पर्यंत चालू राहिलं.

खरी गोम तारखेत होती. बंदी १ एप्रिल ते १ ऑगस्ट. गिलेमॉटला ती पुरते, कारण त्याचं पिल्लू तीन आठवड्यांचं होताच, नीट उडता येत नसतानाही, कड्यावरून उडी टाकतं आणि बापाबरोबर समुद्रात निघून जातं. किटीवेकचं पिल्लू सुमारे सहा आठवडे घरट्यातच असतं, ऑगस्ट उजाडला तरी कित्येक पिल्लं तिथेच. पंखांसाठी पक्षी मारणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळच्या लंडी बेटाभोवती त्यांच्या होड्या १ ऑगस्टच्या पहाटेच कड्याखाली हजर असत.