ओळख परेड (गोवा)

ओळख परेड : जबरी चोरी वा दरोड्यातील अनोळखी संशयिताला मिळत्याजुळत्या चेहऱ्यामोहऱ्याच्या इतरांत उभे करून साक्षीदाराकडून ओळखून घेण्याची तपासपद्धती. इंग्लंडातील पोलिसांत ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुळली असावी. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ९ व्यक्तीची ओळख पटवणारी तथ्ये ग्राह्य धरते, पण परेडीचे नावही घेत नाही. अटकेतील व्यक्तीची साक्षीदाराकडून ओळख पटवून घेण्याची तरतूद करणारे कलम ५४-अ फौजदारी प्रक्रिया संहितेत आले ते २००५ च्या दुरुस्तीने. तेव्हा कायद्याने जुन्या वहिवाटीला उशिरा जागा दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी अनुक्रमे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७ व नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहेत.

खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने न्यायालयात पटवलेली ओळख. परेड तिला केवळ दुजोरा देते. परेड झाली नाही एवढ्यावरून खटला कोसळत नाही (सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे : कांता प्रसाद, १९५८; मलखानसिंग, २००३). पोलिसांनीच परेड घेतली, तर साक्षीदाराने नुसते बोट दाखवणे हेही पोलिसांपुढील कथन ठरते व दुजोऱ्यासाठी वापरता येत नाही, हे मुंबईतील बँक दरोड्याच्या रामकिशन शर्मा खटल्यात (१९५५) ठरले. म्हणून परेड दंडाधिकारी घेतात आणि पोलीस बाहेर थांबतात. आरोपीला परेडीस नकार देता येतो का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काआड त्याला लपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुकेश सिंग खटल्यात सांगितले. बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असे ठरवणाऱ्या काठी कालू ओघड निवाड्यानंतर (१९६१) हाच निष्कर्ष अपेक्षित होता.

गोव्यात ही पद्धत मुक्तीनंतर, भारतीय कायदे लागू झाल्यावर आली. मामलेदार वा संयुक्त मामलेदार कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने पंचांसमक्ष परेड घेतात. आरोपी न्यायालयीन कोठडीत असल्यास ती तुरुंगात होते. मध्यवर्ती कारागृह २०१५ पर्यंत आग्वादला होते, आता कोलवाळला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका आरोपीमागे किमान सहा, दोघांमागे दहा ते बारा डमी (आरोपीसोबत उभे केलेले मिळतेजुळते इतर लोक) लागतात. एका परेडीत दोनांहून अधिक आरोपी नसावेत.

अटकेनंतर आरोपीचा चेहरा झाकलेला नसणे, वर्तमानपत्रात छायाचित्र येणे आणि अकारण विलंब हे बचाव पक्षाचे नेहमीचे आक्षेप. लहानशा गावात त्यांना अधिकच धार येते. साखळीचोराचे हेल्मेट उतरलेच नसेल, तर परेडीला फारसा अर्थ उरत नाही. तेथे भिस्त हस्तगत मंगळसूत्राच्या ओळखीवर असते.