कोडं घातलं कुणी?

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या चहाच्या टपरीवर सध्या एकच विषय आहे. कुणाच्या तरी मोबाइलवर एक काळं चित्र आलं. त्यात नुसते आकडे, खाली ना नाव ना गाव. आकड्यांतून एक वेबसाइट सापडली आणि तिथे घड्याळ उलटं चालतंय. इंजिनीअरिंगची पोरं रात्र रात्र जागताहेत. मोठी माणसं म्हणतात, 'एखाद्या मोबाइलची जाहिरात असेल बाप्पा, कशाला डोकं शिणवता?' असेलही. पण ही शंका तीस वर्षं जुनी आहे.

१९९४ साली पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डिव्हिजन बेल' या अल्बममध्ये कोडं दडलंय, असा संदेश 'पब्लियस' नावाच्या कुणीतरी इंटरनेटवर टाकला. संदेश खरा कशावरून, असं लोकांनी विचारलं. मग १८ जुलैला न्यू जर्सीतल्या कार्यक्रमात रंगमंचाच्या दिव्यांमध्येच 'एनिग्मा पब्लियस' अशी अक्षरं उमटली! चाहत्यांनी वर्षानुवर्षं शोधलं. उत्तर कधीच जाहीर झालं नाही. हा रेकॉर्ड कंपनीचा उद्योग होता, असं बँडचे ड्रमर निक मेसन यांनी पुढे सांगितलं. मला हे मनापासून खटकतं. लहानपणी आजी कोडं घालायची, तेव्हा 'हरलो' म्हटलं की उत्तर सांगायची. ते तिचं कर्तव्यच होतं.

जाहिरात असूनही हे कर्तव्य पाळलं गेलं ते २००१ मध्ये. स्पीलबर्ग यांच्या 'ए.आय.' चित्रपटाच्या ट्रेलर-पोस्टरवरच्या श्रेयनामावलीत जेनीन साला हे नाव होतं. काम काय, तर 'भावना असलेल्या यंत्रांची थेरपिस्ट'. नाव शोधणाऱ्यांना २१४२ सालातल्या म्हणून रचलेल्या वेबसाइट्स आणि एक काल्पनिक खून सापडला. मायक्रोसॉफ्टच्या चमूने रचलेला हा खेळ सोडवायला 'क्लाउडमेकर्स' नावाचा हजारोंचा गट जमला. महिनोन्‌महिने पुरतील म्हणून केलेली कोडी त्यांनी पहिल्याच दिवशी फोडली, आणि रचणाऱ्यांना पुढचा भाग घाईघाईने लिहावा लागला. एकाला लॅटिन येतं, दुसऱ्याला संगीत, तिसऱ्याला प्रोग्रामिंग; एकट्याच्या आवाक्यातलं ते कामच नव्हतं. टपरीवरही मी हेच बघतोय, म्हणून पोरांना थांबवत नाही.

२००४ मध्ये 'हेलो २' या व्हिडिओ गेमच्या जाहिरातीसाठी मधमाश्यांच्या नावाची वेबसाइट निघाली आणि अमेरिकेतले सार्वजनिक फोन ठरल्या वेळी वाजू लागले. त्याच वर्षी सिलिकॉन व्हॅलीत एक बिननावाचा फलक लागला: गणितातल्या 'e' या न संपणाऱ्या संख्येच्या अंकांमध्ये सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा. उत्तर ७४२७४६६३९१. मागे गूगल होतं, माल नव्हता; त्यांना माणसं हवी होती.

खरं तर गुपित लिहिणं आणि फोडणं आम्हा वैदर्भीयांना नवं नाही. महानुभावांचं रिद्धपूर इथून फार लांब नाही. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह येतं; आजच्या ऑनलाइन कोड्यांची पहिली पायरीही बहुधा तीच असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी ती लिपी उलगडली आणि मराठीतलं आद्य गद्य सर्वांना वाचता आलं. तिथे विकायला काही नव्हतं, जपायला होतं.

जानेवारी २०१२ मध्ये इंटरनेटवर आलेलं 'सिकाडा ३३०१' हे कोडं मात्र कुठल्याच खणात बसत नाही. चित्रात लपवलेला मजकूर, मग वॉर्सा, पॅरिस, सोलसारख्या शहरांतल्या खांबांवर चिकटवलेली पोस्टरं. २०१३ आणि २०१४ मध्ये पुन्हा नवी फेरी. नोकरी नाही, सिनेमा नाही, माल नाही. कुणी पुढे येऊन 'आम्हीच ते' असं खात्रीने पटवूनही दिलं नाही. शेवटच्या फेरीतल्या, रून या जुन्या युरोपीय लिपीतल्या पुस्तकाची बहुतेक पानं अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. आणि 'हरलो' म्हणावं, तर समोर आजी नाही.